अठ्ठेचाळीसचे बत्तीस

माझ्यामुळे बत्तीस उंदीर फुकट मेले, असं एका कागदावर लिहिलेलं आहे. अगदी याच शब्दांत नाही. कागदावर असं आहे, की ‘समितीच्या बाहेरील सदस्यांच्या आग्रहावरून प्राण्यांची संख्या कमी करण्यात आल्याने पहिल्या प्रयोगातून निष्कर्ष निघू शकला नाही.’ समितीत बाहेरची सदस्य एकच, ती मी. त्या दिवशी खोलीत आणखी सात माणसं होती, सगळी शिकलेली, त्यांतली काही तर दोन-दोनदा डॉक्टर झालेली. त्या वाक्यात त्यांच्यापैकी कोणीही नाही. हे मला तेव्हा खटकलं, आजही खटकतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी भांडून मोकळी झाले असते, लिहायला बसले नसते.

मी भांडेवाली. लग्नानंतर पंधरा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरले. मनीषनगरकडे तेव्हा नवे फ्लॅट उठत होते आणि तिथल्या बायकांच्या कपाटांत कपडे मावत नव्हते. आज इतवारी बाजारात माझं स्टीलच्या भांड्यांचं ठोक दुकान आहे. मधल्या काळात मदत कोणाची झाली नाही, म्हणून ते कसं झालं हे सांगत बसत नाही.

त्या धंद्याची एक रीत मात्र सांगायला हवी. कपड्यांवर भांडी घेताना पहिल्यांदा बोललेलं कोणाचंच खरं नसतं. दोन साड्या आणि एक पॅन्ट समोर आली की मी चमचा दाखवायचे. बाई पातेलं मागायची. सौदा डब्यावर तुटणार, म्हणजे पक्का होणार, हे दोघींनाही ठाऊक असायचं. यात खोटेपणा नाही, असंच बोलायचं असतं. एखादी बाई मात्र आल्या आल्या डबाच मागायची. तिला मी वाटीवर आणायचे. ती मनात म्हणत असेल, ही भांडेवाली लुच्ची आहे. मी म्हणायचे, बिचारीला बोलणं येत नाही.

समितीत मी कशी गेले ते सांगते. एक दिवस दुकानासमोरून एक जण मोटरसायकलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या घेऊन चालला होता. गर्दीत अडकला. कोंबड्यांची डोकी शेजारच्या हातगाडीच्या चाकाला घासत होती. मी त्याची चावी काढून घेतली. त्यानं आवाज चढवला, मी त्याच्या वर चढवला. अर्ध्या तासानं दुकानातल्या दोन रिकाम्या खोक्यांत कोंबड्या बसवून तो गेला, आणि खोकी परत आणून देईन असं कबूल करून गेला. आणून दिलीही. तेव्हा दुकानात एक साहेब मुलीच्या लग्नासाठी डब्यांचा सेट बघत होते. ते एका कॉलेजात मोठ्या पदावर होते आणि तिथल्या प्राणी समितीचे अध्यक्ष होते. कॉलेजात औषधांचे प्रयोग उंदरांवर, सशांवर होतात. प्रयोगाआधी अर्ज या समितीपुढे येतो. प्राणी खरंच लागणार आहेत का, त्यांना त्रास किती होणार, हे समितीनं बघायचं असतं. तिच्यात विज्ञानातला नसलेला एक माणूस बाहेरून घ्यावा लागतो.

“आम्हाला असंच बोलणारं माणूस पाहिजे, ताई,” ते म्हणाले.

पहिल्या तीन बैठकांत मी चहा प्यायले आणि सही केली. अर्ज इंग्रजीत, जाडजूड. माझ्यासाठी वर एक पान मराठीत असायचं. त्यातही मला कळायची अशी एकच गोष्ट होती, प्राण्यांचा आकडा. चौथ्या बैठकीत एका सरांनी साठ उंदीर मागितले. मी विचारलं, “चाळीसात नाही होत का?” ते एकदम म्हणाले, “पन्नासात करतो.” इतक्या पटकन कोणी खाली येतो तेव्हा आणखी जागा असते हे मला माहीत होतं. पंचेचाळीसवर तुटलं.

मला माझं काम सापडलं. दर बैठकीत मी आकडा कापायचे. अध्यक्ष खूश, कारण समितीनं प्राणी वाचवले असं इतिवृत्तात लिहिता यायचं. सर लोक हसून म्हणायचे, “ताई, आज किती कापणार?” दुकानात मी बायकांना सांगायचे, आज पंधरा जीव वाचवले, आज वीस. खोटं कशाला सांगू, छान वाटायचं.

मग ती मुलगी आली. पीएच.डी. करत होती. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कामाला, तिथल्या कॉलनीतून रोज बसनं कॉलेजात यायची. साखरेचा आजार असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. पळसाच्या सालीच्या मलमानं ती भरते का, हे तिला बघायचं होतं. उंदरांना आधी साखरेचा आजार लावायचा, मग भूल देऊन पाठीवर छोटी जखम करायची आणि ती किती दिवसांत भरते ते मोजायचं. शेवटी उंदीर मारायचे. हे सगळं तिनं सरळ सांगितलं. कोणी इतकं सरळ सांगत नसे.

“किती उंदीर?” मी विचारलं.

“अठ्ठेचाळीस. चार गट, एकेका गटात बारा.”

“बारा कायले?”

“हिशोब केला आहे, काकू. दहा लागतात. साखर लावताना एक-दोन मरतात, म्हणून दोन वरचे. सातव्या पानावर सगळं...”

“हिशोब तं सगळेच करते. आठ घे.”

“आठात बहुतेक नाही होणार.”

“बहुतेक म्हणते, म्हणजे होते!”

सगळे हसले. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. तिचे गाईड सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “होईल, होईल. ताई म्हणतात ते बरोबर आहे.” अध्यक्षांनी लिहून घेणाऱ्या बाईंना सांगितलं, “बत्तीस लिहा.” सातवं पान कोणी उघडलं नाही. मी नाहीच, बाकीच्यांनीही नाही.

वर्षभरानं त्याच मुलीचा अर्ज पुन्हा आला. तोच प्रयोग, पुन्हा. आणि मराठी पानावर ते वाक्य, मी सुरुवातीला लिहिलं ते. बैठकीला आठवडा होता. मी दुकानातून कॉलेजात फोन केला आणि जे बोलायचं ते बोलले. समोरच्या झवेऱ्याच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघू लागले. मुलीला सांगितलं, “उद्या दुकानात ये. तुले काय लिवाचं ते माह्या तोंडावर सांग.”

ती आली. मी तिला बसही म्हटलं नाही.

“काहून वं, मी मारले का तुझे उंदीर?”

“ते वाक्य मी नाही लिहिलं, काकू. सरांनी लिहिलं.”

“सर तं तेव्हा होईल होईल करून राहिले होते!”

“हो.”

“मंग तू काहून गप्प बसली? हात धरला होता का मी तुझा? नाही जमत म्हणाचं होतं.”

“म्हटलं ना. तुम्ही म्हणाल्या, बहुतेक म्हणजे होते.” तिचा आवाज चढला. “आमच्यात बहुतेक म्हणजे बहुतेकच असते, काकू. शंभर टक्के नाही म्हणता येत नाही म्हणून तसं म्हणतो. त्याचा अर्थ घासाघीस करा असा नाही होत.”

मला राग आला, पण ती पहिल्यांदा भांडली म्हणून जरा बरंही वाटलं. मी स्टूल पुढे सरकवलं.

“मले समजावून सांग. आठ आणि बारात असं काय बुडालं?”

तिनं इकडेतिकडे बघितलं. मागे डब्यांचा नवा माल आला होता, दोन वेगळ्या कारखान्यांचा. ती म्हणाली, “यांतल्या कोणत्या मालाची झाकणं घट्ट बसतात हे तुम्ही कसं बघता? सगळे डबे उघडता?”

“सगळे कायले उघडू?”

“मग किती?”

“ते मालावर आहे. एकाचे सगळेच ढिले असले तं दोन उघडले तरी समजते. पाच-सहातला एखादा ढिला असला, तं वीस-पंचवीस उघडा लागते. नाही तं नेमका चांगलाच हातात येते.”

“बस, तेच,” ती म्हणाली. “मलमानं जखम निम्म्या दिवसांत भरली असती तर पाच उंदरांतही दिसलं असतं. फरक थोडा असला आणि उंदीरही एकसारखे नसले, तर जास्त लागतात. आठ घेतले. साखर लावताना गेले एका गटातले दोन, दुसऱ्यातले तीन. राहिले पाच-सहा. आता फायदा आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. बत्तीस मारून मी होती तिथंच आहे.”

हे मला रोज हातानं करताना येत होतं आणि त्या खोलीत बसून एकदाही सुचलं नव्हतं.

“पण मंग बाकीच्यांचं कसं होते?” मी विचारलं. “दोन वर्षांपासून कापून राहिली मी. कोणाचंच असं नाही झालं.”

ती म्हणाली, “रागावू नका. बाकीचे आधीच वाढवून लिहितात. तीस लागत असले तर पंचेचाळीस लिहितात, तुम्ही कापणार म्हणून. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.”

“तुले नव्हतं सांगतलं?”

“सांगतलं होतं. मले ते खोटं बोलणं वाटलं. मी खरा आकडा लिहिला.”

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, पण मी उठले नाही. मी वाचवलेले पंधरा, वीस, जे मी सांगत फिरत होते, ते कधी नव्हतेच. आणि त्याहून वाईट गोष्ट मला तिनं न सांगता आठवली. मध्ये एका बैठकीला मी तापानं गेले नव्हते. त्या दिवशी चार अर्ज होते. वाढवलेले आकडे कापायला कोणी नव्हतं, ते तसेच मंजूर झाले. गरज नव्हती असे कितीतरी प्राणी त्या चार अर्जांत गेले. ही सगळी रीत मी तिथं नेली होती. खरं बोलणारी एकच निघाली आणि तिलाच मी वाटीवर आणलं.

तरीही मी म्हणते, मला हे आधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. त्या खोलीत आकडा कसा काढतात हे माहीत असलेली माणसं होती. त्यांनी हसून सोडून दिलं.

मी तिला विचारलं, आता पुढे काय. तिची शिष्यवृत्ती सात महिन्यांत संपणार होती. या बैठकीत परवानगी मिळाली तर प्रयोग मुदतीत होणार होता. नाही मिळाली तर पुढची बैठक चार-पाच महिन्यांनी, म्हणजे मग वेळ पुरणार नव्हता. यावेळी ती संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे जाऊन बसली होती. पहिल्या प्रयोगात एक गोष्ट कळली होती की उंदरा-उंदरातला फरक तिला वाटला होता त्याहून जास्त आहे. म्हणून आता एका गटात बारा नाही, चौदा लागत होते. कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या काढून ठरवायचं, आणि जखम मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, हेही तिनं यावेळी लिहिलं होतं.

“चौदा चोक छप्पन?” मी म्हणाले. मला तो आकडा ऐकवेना. हात आपोआप कापायला उठत होता. मग म्हटलं, आकडा सोड, माल बघ. “हे चार गट कशाकशाचे?”

“एक नुसत्या मलमाचा, औषध नाही असा. एक बाजारातल्या औषधाचा. एक पळसाचा. आणि एक दुसऱ्या एका झाडाचा.”

“ते दुसरं झाड तुझ्या कामाचं आहे?”

“सरांचं आहे.”

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी मला बाहेरच गाठलं. “ताई, ते वाक्य मला पण आवडलं नाही. आपण काढून टाकू. तुमचा उल्लेख कुठेच राहणार नाही. फक्त आज हा अर्ज परत पाठवू या. तोच प्रयोग दुसऱ्यांदा म्हटलं की वरून विचारणा होते. पुढच्या वेळी शांतपणे बघू.”

सौदा वाईट नव्हता. आठवडाभर मी त्याच एका वाक्यासाठी जळत होते आणि ते आयतं पुसलं जात होतं. द्यायचं होतं ते माझं नव्हतं, पोरीचं होतं.

“वाक्य राहू द्या,” मी म्हणाले. “अर्ज आजच घ्या.”

“विचार करा, ताई. ते कायम राहतं कागदावर.”

“राहू द्या म्हटलं ना. फक्त त्यात ‘समितीनं’ असं घाला. मी एकटी नव्हते.”

“ते नंतर बघू,” ते म्हणाले. ते नंतर कधी झालं नाही.

आत मुलीनं अर्ज मांडला. छप्पन म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, “ताई, सुरू करा.”

“आज सातवं पान उघडा,” मी म्हणाले. “पोरीले सांगू द्या चौदा कसे आले ते. मी मधात बोलत नाही.”

तिनं सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. समितीत एक पशुवैद्य होते, एरवी घड्याळाकडे बघत बसणारे. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग मी गाईड सरांना विचारलं, “चौथा गट कोणासाठी आहे?”

ते म्हणाले, “माझ्या दुसऱ्या प्रकल्पाला उपयोगी पडेल. एवढं सगळं करतोच आहोत, तर त्यात तेही होऊन जातं.”

“होऊन कसं जाते? चौदा जणांच्या पाठी कापून होते.”

“हे बघा, तुम्हाला विज्ञानातलं कळत नाही.”

“नाही कळत. नाही कळत म्हणूनच तुम्ही मले येथे बसवलं!” माझा हात टेबलावर आदळला आणि पाण्याचा ग्लास अध्यक्षांच्या कागदांवर उलटला. लिहून घेणाऱ्या बाई रुमाल शोधू लागल्या. मी थांबले नाही. “मागच्या वेळी मी आठ म्हटलं तेव्हा होईल होईल कोण म्हणत होतं? तुम्हाले तं कळत होतं ना? तेव्हा काहून नाही बोलले? मले एवढं सांगा, पोरीच्या प्रश्नाचं उत्तर या चौथ्याशिवाय येते का नाही येते?”

सरांनी मुलीकडे बघितलं. तिला त्यांच्याकडेच काम करायचं होतं, तिनं बोलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पशुवैद्य म्हणाले, “येतं. तीन गट पुरेसे आहेत.”

“मंग तीन. बेचाळीस. त्यातला एकही मी कापत नाही.”

बेचाळीस मंजूर झाले. मी आणखी एक मागणी केली. यापुढे आकड्यामागचं कारण माझ्या मराठी पानावर लिहायचं, आणि संख्याशास्त्राच्या सरांनी अर्ज आधी पाहिलेला असल्याशिवाय तो बैठकीत आणायचा नाही. अध्यक्ष ओले कागद झटकत होते, ते हो म्हणाले. गाईड सर तेव्हापासून मला नमस्कार करत नाहीत.

प्रयोग मुदतीत झाला. मी एकदा प्राणीघर बघून आले. इतक्या बैठका करून मी तिथं कधी गेले नव्हते. तुसावर झोपलेले पांढरे उंदीर, पिंजऱ्यांवर नुसते आकडे. मी फार वेळ थांबले नाही.

शिष्यवृत्ती संपायच्या पंधरा दिवस आधी ती दुकानात आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

“काय निघालं?”

“काही नाही. पळसाची साल आणि नुसतं मलम, दोन्ही सारखंच. काही फरक नाही.”

“म्हणजे बेचाळीस गेले अन् औषध नाहीच?”

“औषध नाहीच. पण आता ते पक्कं सांगता येतं. मागच्या वेळी तेही नव्हतं येत.” मग म्हणाली, “सर म्हणतात, असं कोणी छापत नाही. प्रबंधात थोडक्यात आटप, पहिला प्रयोग तर लिहूच नको.”

“अन् तू?”

“तुम्ही काय म्हणता?”

मला पहिल्यांदा वाटलं, बरंच आहे, पहिला प्रयोग न लिहिलेला. बत्तीस तिथं आले की कोणीतरी विचारणार, का गेले म्हणून. मग मनात आलं, दोन वर्षांनी दुसरी कोणी पोट्टी पळसाचीच साल घेऊन माझ्यापुढे बसेल. तिला कोणी सांगणार नाही, आणि मीही ओळखणार नाही, कारण मला झाडाचं काय कळतं.

“दोन्ही लिही,” मी म्हणाले. “बत्तीस अन् बेचाळीस, दोन्ही. कमी पडले ते कसे पडले तेही लिही.”

“सर चिडतील.”

“चिडू दे. त्याहीले सांग, बोलाचं असन तं इतवारीत या.”

ती हसली, चहा न घेता निघाली, कारण कोराडीची बस सुटायची होती. दोन्ही प्रयोग तिनं लिहिले. प्रबंध मुदतीत सादर झाला.